हेमाताईंची मान माझी होती

मी एक जुना मानेचा पट्टा आहे. जुना आहे, मळकट आहे आणि, मित्रांनो, लपवून काय उपयोग, मत्सरीही आहे. तुमच्यापैकी कुणी आजी-आजोबांच्या गळ्यात माझ्यासारखा जाडजूड पट्टा पाहिला असेल आणि तोंड फिरवून हसलंही असेल. हसा. त्याची मला सवय आहे. माझ्या जागेवर दुसऱ्या कुणी हात ठेवला तर मात्र मला खपत नाही.

माझा जन्म भोसरीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. स्पंजाच्या मोठ्या लादीतून मला कापलं, हनुवटी टेकावी म्हणून पुढच्या बाजूला खोलगट कोरलं, वर सुती अंगरखा चढवला आणि दोन्ही टोकांना ओढली की खर्रकन वाजणारी चिकटपट्टी शिवली. मग खोक्यात भरलं. खोक्यावर गळ्यात पट्टा घातलेल्या एका बाईचं चित्र होतं आणि ती बाई खुदकन हसत होती. पट्टा घालून असं कुणी हसत नाही, हे मला पुढे कळलं.

नारायण पेठेतल्या एका औषधांच्या दुकानात मी बरेच दिवस फळीवर पडून होतो. शेजारी कमरेचे पट्टे होते. ते भराभर खपत. रोज कुणी ना कुणी कंबर धरून येई आणि त्यांच्यातला एक घेऊन जाई. माझ्याकडे कुणी पाहतही नसे. तेव्हापासूनच माझ्या पोटात दुखायला लागलं. काहींचा स्वभावच तसा असतो, त्याला औषध नाही.

शेवटी एक दिवस दिगंबरराव आले. पोस्टातून निवृत्त झालेले, सडपातळ, बोलणं तिखट.

"मानेचा पट्टा हवाय," ते म्हणाले.

"कुणासाठी?" दुकानदाराने विचारलं.

"जिराफासाठी नाही. बायकोसाठी."

अशा रीतीने मी हेमाताईंच्या घरी आलो.

हेमाताई उकडीचे मोदक करून द्यायच्या. पेठेत त्यांच्या मोदकांचं नाव होतं. संकष्टीला चंद्रोदयाच्या आत डबे न्यायला माणसं जिन्यात उभी राहत आणि भाद्रपदात तर घराला श्वास घ्यायला फुरसत नसे. मोदकाची कळी अंगठा आणि पहिलं बोट यांच्या चिमटीत जन्माला येते. हेमाताई मान खाली घालून बसत आणि त्यांच्या चिमटीतून कळ्या अशा सरसर निघत की बघणाऱ्याला वाटावं, पारी आपली आपणच दुमडते आहे. सगळं आयुष्य ती मान खाली वाकली. मग एक दिवस तिने सूड घेतला.

मानेच्या मणक्यांच्या फटींतून हाताकडे नसा उतरतात. हेमाताईंची त्यांतली एक नस मुळाशीच दबली आणि सुजली. कळ मानेतून निघे, खांद्यावरून दंडात उतरे आणि अंगठ्याच्या टोकाशी जाऊन थांबे. उजवीकडे मान वळवली की त्यांचा श्वास अर्ध्यावर अडके. त्याहून वाईट म्हणजे अंगठा आणि पहिलं बोट बधिर झालं. चिमटीत पारी आहे की नाही हे त्यांना डोळ्यांनी बघावं लागे. गोळ्या झाल्या, मानेला वजनं लावून ताणणं झालं, शेक झाला, नातेवाइकांनी सुचवलेली तेलं झाली. उतार पडे आणि दुखणं पुन्हा मूळ पदावर येई.

माझं मात्र चांगलं चाललं होतं. रोज सकाळी दिगंबरराव मला खुंटीवरून काढत, हेमाताईंच्या मागे उभे राहत आणि मला त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळत.

"अहो, केस अडकले."

"केस अडकले, मी अडकलो, आता पट्टाही अडकू दे."

मग खर्र आवाज आणि मी जागेवर. त्या दोघांच्या दिवसभरातल्या बोलण्यात यापेक्षा गोड संवाद नसे. दिगंबररावांची बोटं मला चिकटवून झाल्यावरही क्षणभर तिथेच रेंगाळत. तेवढा क्षणही मला आवडत नसे. लावून झालं ना? मग हात काढा.

मला कुणाचा म्हणून मत्सर वाटला नाही! मंगळसूत्र माझ्याखाली टोचायला लागलं म्हणून हेमाताईंनी ते कपाटात ठेवलं आणि जवळचं बारीकसं घालायला लागल्या, त्या दिवशी मी मनातल्या मनात पेढे वाटले. उशी रात्रभर त्यांच्या मानेला लागून असे, म्हणून तिचा राग. मलमाची बाटली माझ्या आधी तिथे पोचे, म्हणून तिचाही राग. जिन्यातल्या बायका विचारत, "काय हेमाताई, नवा दागिना?" तेव्हा मात्र मी ताठ होत असे. खरं तर ताठ असणं हाच माझा धंदा आहे. त्यांनी गिळलेला प्रत्येक घोट मला कळे, न बोलता परतवलेला शब्दसुद्धा कळे. एवढ्या जवळून त्यांना दुसरं कोण ओळखत होतं?

दुखणं होतं म्हणून मी होतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, पण असल्या गोष्टींचा विचार कोण करतं?

तीन वर्षं अशी गेली. कळ्या बिघडत चालल्या होत्या. मथुराबाई नारळ खवायला आणि उकड काढायला मुळशीकडून येत. हेमाताईंची पाठ वळली की त्या बिचाऱ्या फाटलेली पारी हळूच सांधून ठेवत. हेमाताईंना ते कळे. हेमाताईंना कळलंय हे मथुराबाईंनाही कळे. दोघीही काही बोलत नसत.

मग आषाढातल्या एका दुपारी पेठेतल्याच एक जुन्या गिऱ्हाईकबाई दारात उभ्या राहून सहज म्हणाल्या, "या वेळचे मोदक तुम्ही नव्हते ना केले? नाही, चव तीच होती. पण कळ्या जरा पोलिसाच्या पट्ट्यासारख्या जाड होत्या."

हेमाताई हसल्या. बाई गेल्यावर त्यांच्या घशात काहीतरी अडकलं ते बराच वेळ खाली उतरलं नाही. मला कळलं, कारण मी तिथेच होतो. संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "यंदाचा भाद्रपद शेवटचा. हाताला जमलं नाही तर बंद करायचं. लोकांच्या नैवेद्याशी खेळ नको."

दिगंबररावांनी हातातला पेपर मिटला आणि 'बरं' म्हणाले. त्यांनी नुसतं 'बरं' म्हणणं हे आमच्या घरी ग्रहण लागण्याइतकं दुर्मीळ होतं.

त्यांची मुलगी स्वराली आयटीत आहे. तिने कुठून कुठून विचारून एका डॉक्टरांचा पत्ता काढला. त्या डॉक्टर दुखणाऱ्या नसेच्या मुळाशीच इंजेक्शन देत.

"मानेत सुई?" दिगंबरराव उसळले. "मान म्हणजे काय टाचण्या टोचायची गादी आहे?"

"बाबा, अंदाजाने नाही देत. सोनोग्राफीवर बघत बघत देतात. सगळं लाइव्ह दिसतं स्क्रीनवर."

"सोनोग्राफी बाळं बघायची असते."

"आता नसाही बघतात. आई, तू ठरव. प्लीज."

हेमाताईंनी आपला अंगठा डोळ्यांसमोर धरला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चल."



डेक्कनपलीकडच्या त्या दवाखान्यात डॉक्टर श्रद्धा होत्या. वयाने लहान, बोलायला शांत. त्यांनी कागदाची एक पट्टी हेमाताईंच्या चिमटीत दिली आणि म्हणाल्या, "घट्ट धरा, काकू. मी ओढते." कागद लोण्यातून सुरी निघावी तसा सुटून आला. हेमाताईंनी मान वळवली नाही, पण डोळे वळवले.

"हे बघा," डॉक्टर म्हणाल्या, "ही जादू नाही. नसेच्या मुळाशी सूज उतरवणारं औषध सोडायचं. बऱ्याच जणांना बरं वाटतं, काहींना थोडं वाटतं, काहींना नाहीच वाटत. खरा फरक कळायला आठवडा-दोन आठवडे लागतात. करायचं?"

वेळ मिळाली ती नेमकी संकष्टीच्या दुपारची. दिगंबरराव म्हणाले, त्या दिवसाचे मोदक रद्द करू. हेमाताई म्हणाल्या, लोकांचा उपास मी रद्द करू शकत नाही.

आणि मित्रांनो, त्या दुपारी मी ते पाहिलं. मला काढून दिगंबररावांच्या हातात दिलं होतं. त्यांना टोपी आणि मास्क घालून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसवलं होतं. हेमाताई कुशीवर झोपल्या होत्या. डॉक्टरांनी साबणाच्या वडीएवढं काहीतरी उचललं. त्याला वायर होती. आणि ती वडी त्यांनी कुठे टेकवली? माझ्या जागेवर! जिथे माझी शिवण रोज टेकायची, अगदी तिथे. वर थंडगार गिळगिळीत लेप फासून ती बया माझ्या जागेवरून इकडून तिकडे खुशाल घसरत होती. तीन वर्षांचा शेजार माझा, आणि ही कालची आलेली!

पडद्यावर करड्या रंगाचं काहीतरी हलायला लागलं, फिसकटलेल्या रांगोळीसारखं. डॉक्टरांनी बोट दाखवलं. "हे दोन उंचवटे दिसतायत? त्यांच्या मधल्या खिंडीत तो काळा ठिपका आहे ना, ती तुमची नस, काकू. बिचारी फुगली आहे."

दिगंबरराव पुढे वाकून पाहत राहिले. मीही पाहिलं. ज्या दुखण्याच्या भोवती मी तीन वर्षं पहारा दिला, ते मी पहिल्यांदाच पाहत होतो. एवढासा ठिपका. मी बाहेरून मिठी मारून बसलो होतो आणि ही एका घटकेत आत शिरून त्याला ओळखही दाखवत होती. मी हेवा पुष्कळ केला, पण असा कधी जळलो नव्हतो.

सुई टेकवण्याआधी डॉक्टरांनी एक बटण दाबलं. ठिपक्याच्या वाटेवर लाल रंग लुकलुकला.

"इथून जायचं नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रक्तवाहिनी आहे. मागच्या बाजूने जाऊ."

वडी किंचित सरकली, लाल रंग बाजूला राहिला. मग सुईची बारीक चकाकती रेघ पडद्यावर उतरताना दिसली. दिगंबररावांनी मला दोन्ही हातांनी असं पिळलं की माझा स्पंज कुरकुरला. ठिपक्याभोवती औषधाचं काळं वेटोळं पसरलं आणि झालं. आमच्या घरी चहा उकळायलाही जास्त वेळ लागतो.

अर्धा तास बसवून ठेवल्यावर डॉक्टर म्हणाल्या, "आज भुलीच्या औषधाने हात बधिर राहील, जड वाटेल. गरम-गार कळणार नाही. गॅसजवळ जायचं नाही, चहाचा कपसुद्धा दुसऱ्याने हातात द्यायचा. आणि हा पट्टा आता बंद. मान जरा मोकळी राहू दे."

हा पट्टा! मला नाव नाही, गाव नाही. दिगंबररावांनी मला घडी करून छत्रीच्या पिशवीत कोंबलं. ओल्या छत्रीशेजारी बसून मी घरी आलो आणि त्या वडीला शिव्या घालत खुंटीवर लटकलो.

आमची खुंटी स्वयंपाकघराच्या दारामागे आहे. तिथून सगळं दिसतं. चार वाजले होते. मथुराबाईंनी उकड काढून परातीत पालथी केली होती आणि वाफा निघत होत्या. स्वराली ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती, दिगंबरराव पेपर उघडून बसल्या बसल्या पेंगत होते. हेमाताई आत आल्या. मान मोकळी होती. त्यांनी ती हळूच उजवीकडे वळवून पाहिली. श्वास अडकला नाही. पुन्हा वळवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं की मी दुसरीकडे बघायला लागलो.

उकड गरम असतानाच मळावी लागते. निवली की चिरते आणि चिरलेल्या उकडीला कळ्या पडत नाहीत. हे हेमाताईंच्या हाताला पाठ होतं, आणि तीन वर्षांनी मान हलकी झालेलं माणूस थांबतं होय? पाण्याचा हात लावून त्यांनी उकडीत तळवा रोवला.

"अवो ताई, थांबा! लई गरम हाय ती!" मथुराबाई ओरडल्या.

"कुठे गरम आहे? कोमट तर आहे," हेमाताई म्हणाल्या आणि मळत राहिल्या. मथुराबाईंनी शेवटी मनगट धरून हात ओढून काढला. तळवा लालबुंद झाला होता आणि अंगठ्याच्या बुडाशी कातडी फुगायला लागली होती. हेमाताई त्या हाताकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्यांना काहीच लागलं नव्हतं.

दिगंबरराव धावत आले. नळाखाली हात धरताना ते ओरडत होते, "गॅसजवळ जाऊ नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"मी कुठे गेले गॅसजवळ?" हेमाताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "परात जमिनीवर होती."

मित्रांनो, मी तेव्हा काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, बघा! घ्या आता! गेलात ना त्या वडीच्या नादी? मला खुंटीवर टांगलंत ना? अगदी असंच म्हणालो. माझ्या अंगातून आनंदाची लहर गेली. त्या संकष्टीला मथुराबाईंनी एकटीने जमतील तेवढे मोदक केले, बाकीच्या डब्यांत स्वरालीने आणलेले पेढे गेले आणि जिन्यातल्या माणसांनी नाकं मुरडली.

रात्री बधिरपणा उतरला आणि हाताची आग सुरू झाली. हेमाताई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "हात होता तोही गेला. कशाला गेले मी?" दिगंबरराव उठले, दारामागे आले आणि मला काढलं. मागे उभे राहून त्यांनी मला जागेवर बसवलं. खर्र. मी जिंकलो होतो.

पण जागेवर बसल्याबरोबर मला एक गोष्ट कळली. ती मान पूर्वीची नव्हती. पूर्वी माझ्या आत ती सतत काहीतरी वाचवत असे, चोर घरात शिरल्यावर दाराला पाठ लावून बसावं तशी. आता चोर गेला होता. झोपेत हेमाताई उजव्या कुशीला वळल्या आणि श्वास सरळ चालू राहिला. आठवडाभरात तर कळ दंडापर्यंतही येईनाशी झाली. हे फक्त मला माहीत होतं. हाताला बँडेज होतं, हात भाजल्यामुळे दुखत होता, म्हणून सगळ्यांना वाटत होतं की इंजेक्शन फसलं. हेमाताई मान वळवून बघतच नव्हत्या. भीतीने त्यांनी मला अंघोळीपुरताही काढणं सोडलं.

मी बोलू शकलो असतो तर बोललो असतो का? सांगता येत नाही. श्रावण मोठ्या सुखात गेला. माझा.

श्रावणातल्या संकष्टीला हेमाताई खुर्चीवर बसून होत्या आणि मथुराबाई मोदक करत होत्या. "कळी वरपर्यंत ओढा, मथुराबाई, अर्ध्यात सोडू नका," एवढंच हेमाताई म्हणत होत्या. दोन-तीनदा म्हणाल्या. मग त्यांनी दिगंबररावांना सांगितलं, "भाद्रपदाचं कुणाकडून काही घेऊ नका. सगळ्यांना नाही म्हणा."

दुसऱ्याच दिवशी दिगंबररावांनी रिक्षा बोलावली. डॉक्टरांशी भांडायला. पेठेतल्या माणसाला भांडायचं असलं की तो इस्त्रीचा सदरा घालतो. त्यांनी तो घातला होता.

"मानेचं औषध घ्यायला आलो होतो, हात भाजून परत गेलो," त्यांनी दारातूनच सुरुवात केली. "तुमच्या त्या पडद्यावर सगळं दिसतं म्हणे. आमचं स्वयंपाकघर नाही दिसलं?"

डॉक्टर श्रद्धा चिडल्या नाहीत. त्यांनी हेमाताईंचा तळवा उजेडात धरून नीट पाहिला. नवी गुलाबी कातडी आली होती. सगळी हकिगत ऐकून त्या म्हणाल्या, "नाही दिसलं, काका. ती माझी चूक. मी सगळ्यांना गॅस सांगते. काकू हाताने काय करतात, ते विचारलंच नाही. यापुढे विचारीन."

भांडायला आलेल्या माणसाची याने फार पंचाईत होते. दिगंबरराव खाली बसले.

"काकू, दुखतं कुठे?"

"हात. आता आग कमी आहे."

"आणि मान?"

हेमाताईंनी गळ्यातल्या माझ्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "पट्टा आहे ना."

डॉक्टरांनी स्वतःच मला खर्रकन ओढून काढलं आणि टेबलावर टाकलं. "उजवीकडे बघा. घाबरू नका, बघा." हेमाताईंनी डोळे मिटले आणि मान वळवली. डोळे उघडले तेव्हा त्या सरळ उजव्या बाजूच्या खिडकीकडे पाहत होत्या. मग डॉक्टरांनी कागदाची पट्टी काढली. "धरा."

डॉक्टरांनी ओढलं. पट्टी सुटली नाही. त्यांनी जोरात ओढलं. पट्टी मधोमध फाटली आणि अर्धी हेमाताईंच्या चिमटीत राहिली.

दिगंबररावांनी चष्मा काढून पुसला. इस्त्रीच्या सदऱ्यानेच पुसला.

"अंगठ्यात थोडा बधिरपणा राहील कदाचित," डॉक्टर म्हणाल्या. "पण नस सुटली आहे. आता त्रास आहे तो याचा." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "दिवसरात्र याच्यावर टेकून टेकून मान आळशी झाली आहे. स्नायूंना कामच नाही. हा चांगला आहे, पण दुखण्याच्या चार दिवसांपुरता. तीन वर्षं सांभाळत बसणारा नव्हे."

तो अपमान मी आजही विसरलेलो नाही. मी सांभाळलं, आणि मीच आळशी केलं! पण टेबलावरून मी त्या मानेकडे पाहिलं, तर ती बारीक बारीक थरथरत होती, बरेच दिवस अंथरुणाला खिळलेलं माणूस पहिल्यांदा उभं राहावं तशी. ते माझंच काम होतं. शेजारीच ती वडी आपल्या खोबणीत गप्प बसली होती. तिने हेमाताईंची मान एवढासा वेळ धरली होती आणि मग सोडून दिली होती. धरण्यात मी तिच्यापेक्षा सरस होतो. सोडणं माझ्यात कुणी शिवलंच नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी दिगंबरराव खुंटीपाशी न येता हेमाताईंच्या समोर उभे राहू लागले. डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. ते आपला तळवा त्यांच्या कपाळावर टेकवत, आणि हेमाताईंनी मान न हलवता कपाळाने तो रेटायचा.

"जोर लाव. पोस्टात शिक्का मारायला मी याहून जास्त जोर लावायचो."

"अहो, मग शिक्का मारा आणि पाठवून द्या मला कुठे तरी."

"पत्ता अपुरा आहे. परत इथेच येशील."

दोघंही हसत. मी दारामागून पाहत असे आणि त्या तळव्यावर जळत असे. आता माझ्या मत्सराला तेवढंच गिऱ्हाईक उरलं होतं.

गणेश चतुर्थीच्या पहाटे घरात उकडीचा वास पसरला. हेमाताईंनी मोजक्याच घरांना हो म्हटलं होतं. त्यांतलं एक घर त्या पोलिसाच्या पट्ट्यावाल्या बाईंचं होतं, ते त्यांनी मुद्दाम निवडलं होतं. हात घालण्याआधी त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने उकड तपासली. मथुराबाई हसल्या. मग पारी झाली, सारण बसलं आणि चिमटी चालायला लागली. पूर्वीसारखी सरसर नाही. अडखळत, मधेच थांबून, डोळे बारीक करून. पण कळी वरपर्यंत गेली. पुढची तिच्याशेजारी जाऊन बसली. मोदकाचं टोक मिटलं तेव्हा मथुराबाईंनी तो उचलून उजेडात फिरवला आणि हेमाताईंना परत दिला. "यातलं काय सांधायचं न्हाई आता, ताई," त्या म्हणाल्या. तीन वर्षांत पहिल्यांदाच दोघींमध्ये ती गोष्ट बोलली गेली.

तो पहिला मोदक घेऊन हेमाताई गणपतीपुढे बसल्या. माझ्या खुंटीवरून देव्हारा समोरच दिसतो. तीन वर्षं मी गळ्यात असल्यामुळे त्यांना देवापुढे वाकता येत नसे. हात जोडून, हनुवटी माझ्यावर टेकवून, परीक्षेला बसल्यासारख्या ताठ बसत. त्या दिवशी त्यांनी नैवेद्य ठेवला, पदर सावरला आणि मान खाली घातली. पार खाली, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत.

आणि मित्रांनो, तेव्हा मला त्यांची मान दिसली. मागून, अंबाड्याच्या खाली. सावळी, बारीक सुरकुत्यांची, एका बाजूला लहानसा तीळ असलेली. मी तीन वर्षं तिला चिकटून होतो आणि तिच्यावर तीळ आहे हे मला माहीत नव्हतं. फार जवळ असलं की दिसत नाही.

मी अजून इथेच आहे, दारामागे. माझा कापडी अंगरखा धुऊन पुन्हा चढवला आहे, कुणाला मान आखडली तर चार दिवस लागेन म्हणून. तेव्हा तुम्हाला एवढंच सांगतो. तुमच्या घरात कुणी दुखणं अंगवळणी पाडून बसलं असेल तर त्यांना विचारा, डॉक्टरकडे न्या, आणि ते दिवसभर हाताने काय करतात हे डॉक्टरांना आधी सांगा. मला लावा, पण वेळ आली की काढा. मी स्वतःहून सुटणार नाही. माझी चिकटपट्टी तशी नाही. मला ओढूनच काढावं लागतं, आणि आवाज होतो, त्याकडे लक्ष देऊ नका.